अडकलेला सेल्फ

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला आपण कोणा शिकलेल्या बाईंना बोलावतो. त्या आहारावर बोलतात, मुलांच्या अभ्यासावर बोलतात, आणि आपण मागे बसून स्वेटर विणता विणता ऐकतो. यंदा चिटणीसबाईंनी मला गाठले आणि म्हणाल्या, "या वर्षी तुम्हीच बोलायचे, आणि त्या गाडीवर बोलायचे." मी पुष्कळ नाही म्हणून पाहिले. मी सातवी झालेली बाई. भाषण म्हटले की माझ्या पोटात गोळा येतो. परंतु त्यांचे म्हणणे असे पडले की, गेल्या दोन वर्षांत निदान दहा जणींनी तुम्हाला रस्त्यात थांबवून तीच हकीकत विचारली आहे. दहादा सांगण्यापेक्षा एकदा सांगून मोकळ्या व्हा. हे मात्र मला पटले. हिशेबात बसणारी गोष्ट मला लवकर पटते.

तर विषय आहे जुन्या मोटारीचा अडकलेला सेल्फ. पुस्तकात त्याला स्टार्टर मोटर म्हणतात, पण आपल्या नागपुरात गॅरेजपासून पानठेल्यापर्यंत सगळे सेल्फच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणेन.

आमच्या दारात जी पांढरी अॅम्बॅसिडर उभी असते ती तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्या आडोशाला तुमची मुले लपंडाव खेळली आहेत. गाडी 1977 सालची, मार्क 3. सासऱ्यांनी ती जुनी म्हणूनच घेतली होती. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात या गाड्या होत. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड नावाच्या गाडीवरून त्यांनी ही 1957 साली काढली आणि 2014 च्या मे महिन्यात कारखान्याने ती बनविणे थांबविले. मध्ये इतकी वर्षे गेली पण अंगलट तीच राहिली. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत सिव्हिल लाइन्सकडे गेले की पांढऱ्या अॅम्बॅसिडरांच्या रांगा दिसत, ते तुमच्यापैकी चाळिशीच्या पुढच्या सगळ्यांना आठवत असेल. सासरे म्हणत, "मंत्र्याची आणि आपली गाडी एकच, फक्त आपल्यावर लाल दिवा नाही." पुढे 2017 साली मंत्र्यांचेही लाल दिवे गेले, पण ते पाहायला सासरे नव्हते.

ते गेल्यावर गाडीचे काय करायचे हा प्रश्न आला. आमच्या ह्यांचे काम फिरतीचे, आठवड्यातून तीन दिवस बाहेर. ते म्हणाले, भंगारात देऊ. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण दोन दिवस जेवल्याही नाहीत. शेवटी मीच म्हटले, मी चालवायला शिकते. वयाच्या अडतिसाव्या वर्षी शिकले. स्टिअरिंगला लागून असलेला गिअर, जड क्लच आणि पहिल्या दिवशी रेशीमबागच्या कोपऱ्यावर बंद पडलेली गाडी, ही सगळी गंमत तुम्ही पाहिलीच आहे, ती पुन्हा सांगत नाही.

आता मूळ गोष्ट. 2023 च्या जानेवारीत, संक्रांतीच्या आधीची एक रात्र. थंडी अशी की अंगणातल्या नळाच्या पाण्यात हात घालवेना. हे अमरावतीला गेलेले. रात्री दीडच्या सुमारास सासूबाईंच्या खोलीतून आवाज आला. त्यांना दमा आहे हे तुम्हाला माहीत आहे. नेहमीचा पंप दोनदा ओढून झाला तरी श्वास बसेना, ओठ काळसर दिसू लागले. मुलीला उठवले, दोघींनी मिळून त्यांना शाल गुंडाळून मागच्या सीटवर बसवले. मी पुढे बसले, चोक ओढला, सेल्फ मारला.

टक्.

एवढाच आवाज. इंजिन फिरले नाही, काही नाही. डॅशबोर्डाचा दिवा मात्र असा बारीक झाला की जणू कोणी वात खाली केली. पुन्हा मारला. पुन्हा टक्. मागे सासूबाईंचा श्वास ऐकू येत होता, शिट्टीसारखा. घाबरलेल्या माणसाने करावा तोच वेडेपणा मी केला. आठ-दहा वेळा सेल्फ मारत राहिले. प्रत्येक वेळी आवाज बारीक होत गेला, आणि शेवटी तोही बंद झाला.

मुलगी धावत समोरच्या काकूंकडे गेली. त्या आल्या, त्यांच्या सूनबाई आल्या, शेजारच्या वहिनी आणि त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा आला. त्यांतल्या तीन जणी आज या सभेत बसल्या आहेत. धक्का मारून गाडी चालू करू असे ठरले. मी तिसरा गिअर टाकला, चाबी फिरवली आणि म्हटले, ढकला. गाडी हलेचना. चाके जणू जमिनीला खिळली. हँडब्रेक पाहिला, सुटलेला होता. पुन्हा ढकलले, वहिनींच्या मुलाची चप्पल तुटली, गाडी तिथेच. तेव्हा काकू म्हणाल्या, "अगं, पुढे तो नालीचा खड्डा आहे, त्यात तर चाक नाही ना अडकले? जरा मागे घ्या बरे." सगळ्या जणी पुढे येऊन बोनटला लागल्या. मी गिअर काढायला विसरले होते. त्यांनी मागे रेटली, आणि गाडीच्या पोटातून स्वच्छ आवाज आला, टण्ण! पितळेच्या ताटलीवर पळी पडावी तसा.

त्यानंतर पुढे ढकलली तर गाडी लोण्यासारखी सरकली. क्लच दाबून ठेवला होता, वेग आल्यावर सोडला, एक गचका बसला आणि इंजिन सुरू झाले. दवाखान्यात पोहोचलो तेव्हा सव्वादोन वाजले होते. डॉक्टरांनी मास्क लावला, इंजेक्शन दिले. पहाटे चारला सासूबाई डोळे उघडून पहिले वाक्य काय बोलल्या असतील? "गाडी नीट बंद केली का?" त्या आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत आणि हे सांगू नको म्हणून मघापासून मला खुणा करीत आहेत.

त्या रात्री अंगणात पंचवीस मिनिटे गेली. पंचवीस मिनिटे. काकूंनी मागे घ्या म्हटले नसते तर किती गेली असती, आणि मला गिअर काढायची आठवण झाली असती तर काय झाले असते, याचा विचार मी पुढे कितीतरी दिवस करीत होते. गाडी चालू झाली ती आमच्या शहाणपणाने नव्हे, चुकून. हीच गोष्ट मला सलत राहिली.

दोन दिवसांनी गाडी एका गॅरेजात नेली. त्यांनी सेल्फवर हातोडी मारून पाहिली, मान हलवली आणि सांगितले की पूर्ण सेल्फ बदलावा लागेल. जुना आमच्याकडे जमा करा, नवा बसवून देऊ. जो आकडा सांगितला त्यात आमचा महिन्याचा किराणा आणि मुलीची ट्यूशन दोन्ही भागले असते. मी विचारले, बिघडले काय आहे? तर उत्तर आले, "बाई, तुम्हाला नाही समजायचे." आता, मला नाही समजायचे ही गोष्ट खरीही असेल. पण सांगून तर पाहायचे! मी गाडी परत आणली.

पुढे सासऱ्यांच्या एका जुन्या मित्राने मोमिनपुऱ्याकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींचे नाव सुचवले. त्यांचे दुकान म्हणजे एक टिनाचे शेड, एक लिंबाचे झाड आणि एक बाज. हात थरथरतात म्हणून काम आता नातू करतो, ते बाजेवर बसून सांगतात. त्यांनी गाडीला हातही न लावता मला पाच प्रश्न विचारले. आवाज कसा आला, दिवे मंद झाले का, आधी किती दिवस गाडी उभी होती, बॅटरी केव्हाची, आणि मागे रेटल्यावर काही वाजले का. मग म्हणाले, "बेटी, सेल्फ बिघडलेला नाही. तो उपाशी आहे आणि वर घाणीने माखलेला आहे." आणि त्यांनी जे समजावले ते मी आज माझ्या भाषेत तुम्हाला सांगते.

आपल्या मंडळात शिवणवर्ग चालतो, तेव्हा शिवणाच्या मशीनवरूनच सांगते. मशीनला खाली पाय मारतो ती ताकद, आणि उजव्या हाताला वरचे चाक. इंजिनालाही असेच एक जड लोखंडी चाक असते, त्याला फ्लायव्हील म्हणतात, आणि त्याच्या कडेने दात्यांची रिंग बसवलेली असते. सेल्फ म्हणजे विजेची छोटी पण जोरकस मोटर. तिच्या दांड्यावर एक लहान दातेरी चाक असते. बॅटरीतून वीज आली की मोटर गर्रकन फिरते, ते लहान चाक सरकत जाऊन मोठ्या रिंगच्या दात्यांत घुसते, रिंग फिरते, इंजिन फिरते आणि पेट घेते. इंजिन सुरू झाले की लहान चाकाने चटकन बाहेर यायला हवे, नाही तर इंजिनाच्या वेगाने त्याच्या चिंधड्या होतील.

आता ते लहान चाक आत-बाहेर सरकते कसे? यात खरी गंमत आहे. त्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे आहेत आणि चाक त्यावर सैल नटासारखे बसले आहे. तुम्ही मोठ्या बोल्टवर सैल नट चढवा आणि बोल्ट एकदम झटक्याने फिरवा. नट जड असतो, तो बोल्टाबरोबर लगेच फिरत नाही, जागीच राहू पाहतो. आणि बोल्ट तर फिरतो आहे, म्हणून नट आट्यांवरून पुढे सरकतो. म्हणजे त्या चाकाला ढकलणारे कोणी नाही, ते आपल्या आळसानेच पुढे जाते! इंजिन सुरू झाले की उलट होते. रिंग त्या चाकाला दांड्यापेक्षा जोरात फिरवते, आणि ते आट्यांवरून मागे फेकले जाते. याला बेंडिक्स म्हणतात. मला वाटे की हा यंत्राचा काही इंग्रजी शब्द असेल. मिस्त्री म्हणाले, ते माणसाचे आडनाव आहे. अमेरिकेतल्या व्हिन्सेंट बेंडिक्स नावाच्या गृहस्थांच्या नावावरून पडले.

आता हे अडकते का? एक तर आट्यांवर धूळ आणि तेलाचा चिकट लेप बसतो. मग चाक अर्धवटच सरकते आणि दात दातात नीट न बसता तिरके चावून बसते. दुसरे, बॅटरी कमजोर असली की मोटरला झटका देता येत नाही, चाक रेंगाळत जाते आणि तसेच रुतते. थंडीत इंजिनातले तेल घट्ट होते आणि बॅटरीचाही जोर कमी पडतो, म्हणून हे दुखणे जानेवारीच्या पहाटे जास्त. तिसरे कारण मला सर्वांत नवलाचे वाटले. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना कुठेही थांबत नाही. आतल्या हवेच्या दाबामुळे ते बहुधा दोनच ठरावीक जागी येऊन थांबते. म्हणजे सेल्फचे चाक वर्षानुवर्षे रिंगच्या त्याच दोन जागी आदळत राहते. बाकीचे दाते नव्यासारखे आणि त्या दोन ठिकाणचे झिजून टोकदार झालेले. आपल्या पायरीचा मधलाच भाग झिजतो ना, तसे. मिस्त्रींच्या नातवाने टॉर्च लावून मला ते दाते दाखवले.

शिवणाच्या मशीनमध्ये दोरा गुंतला आणि चाक अडले तर शिकाऊ मुलगी काय करते? जोरात पाय मारते. मग सुई मोडते. आणि आपण तिला काय सांगतो? पाय काढ, आणि हाताने चाक जरा उलटे फिरव. मी त्या रात्री आठ-दहा वेळा पाय मारत होते, आणि काकूंनी चाक उलटे फिरवले. एवढाच सगळा प्रकार होता.

तेव्हा असे झाले तर काय करावे ते सांगते. पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नये, हे पहिले. अडकलेल्या मोटरमधून भरमसाट वीज वाहते, बॅटरी बसते आणि तारा तापतात. मग पुढचे मोठे दिवे लावावे आणि एकदाच सेल्फ मारून दिव्यांकडे पाहावे. दिवे अगदी मंद झाले आणि टक् एवढेच वाजले, तर सेल्फ अडकला आहे किंवा बॅटरी बसली आहे. दिवे जराही मंद झाले नाहीत आणि काही वाजलेही नाही, तर वीज मोटरपर्यंत पोहोचतच नाही. तार, स्विच किंवा मोटरमधले कार्बन पाहावे लागतील, ते मिस्त्रीचे काम. आणि मोटर घुर्रर्र अशी मोकळी फिरली पण इंजिन हलले नाही, तर लहान चाक घाणीमुळे मागेच चिकटले आहे, पुढे येतच नाही.

अडकला आहे असे वाटले तर चाबी बंद करावी. हे विसरू नका, नाही तर गाडी मध्येच सुरू होऊन कोणाच्या अंगावर जाईल. गाडी सपाट जागी असावी, उतारावर हा उद्योग करू नये. गिअर वरचा, म्हणजे चौथा टाकावा, हँडब्रेक सोडावा, आणि बाहेर उतरून गाडी मागे-पुढे, मागे-पुढे झुलवावी, पाळणा हलवतो तशी. वरच्या गिअरमध्ये चाकांवरून इंजिन हलवायला कमी जोर लागतो, म्हणून चौथा. त्या रात्री तिसऱ्यात झाले, पण पाच जणी होत्या. टण्ण वाजले की सुटला. मग गिअर काढून नेहमीप्रमाणे सेल्फ मारावा.

झुलवायला माणसे नसली तर दुसरी युक्ती आहे. आमच्या गाडीत ड्रायव्हरच्या बाजूने इंजिनाच्या खालच्या अंगाला सेल्फ आहे. त्याच्या मागच्या टोकाला दांड्याचा चौकोनी शेंडा असतो, वर बहुधा लहानशी टोपी असते. टोपी काढून त्या चौकोनाला पाना लावून हळूहळू इकडे-तिकडे फिरवले की चाक सुटते. पाना लावण्याआधी बॅटरीची बॉडीला जोडलेली तार काढून ठेवावी. पान्याचा हिसका लोखंडाला लागून ठिणगी उडाली तर बांगडीसकट हात भाजतो. बांगड्या आणि घड्याळ आधी काढून ठेवलेले बरे, पदर कमरेला घट्ट खोचावा, वेणी आत.

हे झाले तात्पुरते. दुखणे जावे असे वाटत असेल तर सेल्फ उतरवून साफ करायला हवा. तो दोन बोल्टांवर असतो. पहिल्यांदा मिस्त्रींच्या नातवाने उतरवला, दुसऱ्यांदा मी आणि मुलीने, घरी, अंगणात चादर टाकून. इंजिन गार असताना, तार काढून. सासूबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि कोणता बोल्ट कोणत्या वाटीत ठेवला ते लक्षात ठेवीत होत्या. आट्यांवरची घाण रॉकेलने धुवावी असे मिस्त्री म्हणाले होते. पण हल्ली रॉकेल मिळते कोठे? आम्ही वाटीभर डिझेल आणि जुना टूथब्रश घेतला. जे काळे निघाले ते पाहून मुलगी म्हणाली, आई, हे तर कढईच्या बुडासारखे आहे. धुऊन, कोरड्या फडक्याने पुसून, चाक हाताने आट्यांवरून वर-खाली सरकते का ते पाहिले. सरसर सरकले पाहिजे आणि स्प्रिंगने परत आले पाहिजे.

आता एक चूक सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही. चाक छान सरकू लागलेले पाहून मला वाटले, यावर थोडे ग्रीस लावावे, म्हणजे आणखी छान सरकेल. आपण बिजागरीला तेल देतो ना, तसे. लावले. महिन्याभरात सेल्फ पुन्हा अडकला. मिस्त्री हसले. "बेटी, ग्रीस लावलेस म्हणजे धुळीला जेवायला बोलावलेस." त्या जागी क्लचची धूळ सारखी उडत असते, ती ग्रीसवर बसून खरकटे होते. ती जागा कोरडीच ठेवायची. पुन्हा उतरवला, पुन्हा धुतला.

आणि बॅटरीची निगा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस-शेहेचाळीसवर जातो, तेव्हा जुन्या धाटणीच्या बॅटरीतले पाणी झपाट्याने आटते. त्यात डिस्टिल्ड वॉटरच घालावे, नळाचे नव्हे. टोकांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड जमते. तारा काढून ती गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावी, सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये, आणि पुसून वर थोडे व्हॅसलीन लावावे. बॅटरीजवळ काडी, उदबत्ती काही नेऊ नये, तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. दसऱ्याला गाडीची पूजा करतो तेव्हा बोनट उघडून आत उदबत्ती फिरवणाऱ्या माझ्या ओळखीच्या दोन जणी आहेत. नावे सांगत नाही. ही बॅटरीची निगा मात्र तुमच्या नव्या गाड्यांना आणि दुचाकींनाही लागू आहे, अंबाशिटरवालीची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका.

नव्या गाड्यांना अडकण्याचे दुखणे सहसा होत नाही. त्यांत आधी लहान चाक दात्यांत सरकवले जाते आणि मग मोटर फिरते. आळसावर भरवसा ठेवलेला नाही.

भाषण तयार करताना मुलीने मला दोन गोष्टी वाचून दाखवल्या, त्या सांगितल्यावाचून राहवत नाही. पूर्वी मोटारींना सेल्फ नव्हताच. पुढून लोखंडी हँडल घालून इंजिन फिरवावे लागे. इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल फिरून मनगट मोडे. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हँडलला मूठ मारायची नाही, हे सासरेही सांगत, कारण जुन्या अॅम्बॅसिडरलाही हँडलची सोय असे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा सेल्फ तयार केला आणि 1912 सालच्या कॅडिलॅक गाड्यांना तो प्रथम बसवला गेला. त्यानंतर बायकांना गाडी चालवणे पुष्कळ सोपे झाले. ज्या सेल्फला त्या रात्री मी इतक्या शिव्या दिल्या, त्याचे आपल्यावर हे उपकार आहेत.

दुसरी गोष्ट त्याहून जुनी. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी मोटार तयार केली, पण ती लांबच्या प्रवासाला कोणी नेईना. 1888 च्या ऑगस्टात त्यांच्या पत्नी बर्था, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला माहेरी निघाल्या, सुमारे शंभर किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती त्यांनी टोपीच्या पिनने मोकळी केली. एक तार उघडी पडली तिला मोज्याचा बंद गुंडाळला. इंधन संपले ते औषधाच्या दुकानातून घेतले. मला ही बाई फार आवडली. माहेरी जायचे ठरवल्यावर बाई कशाला ऐकते!

आता तुम्ही विचाराल, आमची गाडी आता अडकतच नाही का? अडकते. साफसफाईनंतर आणि नवी बॅटरी घातल्यानंतर वर्षभरात दोनदा अडकली. रिंगचे झिजलेले दाते आहेत तसेच आहेत. ती रिंग तापवून बसवलेली असते, बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव चढवतो तशी. ती बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि तो खर्च आम्ही मुलीच्या फीसाठी पुढे ढकलला आहे. हे म्हणतात, इतके करण्यापेक्षा गाडी द्या टाकून. त्यांचे अगदीच चूक आहे असे मी म्हणत नाही. गाडी धूर सोडते, पेट्रोल पिते, आणि पंधरा वर्षांपुढच्या गाडीचे नोंदणीचे कागद दर पाच वर्षांनी पुन्हा करावे लागतात, वर हरित कर. घरात या विषयावर अजून एकमत नाही.

पण त्या दोन वेळांपैकी एक सांगते. 2024 चा मार्च, पुतणीची दहावीची परीक्षा. सक्करदरा चौकाच्या अलीकडे मी तिच्या वहीसाठी गाडी बंद करून थांबले, आणि निघताना, टक्. परीक्षेला पस्तीस मिनिटे. पुतणी रडकुंडीला आली. मागे स्कूटरवाले हॉर्न वाजवू लागले. एक गृहस्थ खाली वाकून म्हणाले, "बाई, टोचन बोलवा, ही आता इथून हलत नाही." मी चाबी बंद केली, चौथा टाकला, हँडब्रेक सोडला, पदर खोचला आणि खाली उतरून त्यांनाच म्हटले, "दादा, हात लावा. पुढे नाही, आधी मागे." ते बुचकळ्यात पडले, पण लावला. दोन पोरे आणखी आली. मागे, पुढे, मागे. टण्ण. मी आत बसले, गिअर काढला, सेल्फ मारला, गाडी सुरू. चार मिनिटे लागली असतील. ते गृहस्थ आरशात दिसत होते, तिथेच उभे.

पुतणी पहिल्या घंटेच्या आधी पोहोचली. भूमितीचा पेपर होता.

माझे बोलणे झाले. गाडी बाहेर फाटकापाशी उभी केली आहे आणि बोनट उघडे ठेवले आहे. चहा-चिवडा झाल्यावर ज्यांना तो चौकोनी शेंडा पाहायचा असेल त्यांनी यावे. चांगल्या साड्या नेसून आलात, जरा लांबून पाहा. पाना डिकीत उजव्या बाजूला जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला असतो. समोरच्या काकूंना तो कोठे आहे ते माहीत आहे.